पोर्ट्रे या शब्दाचा अर्थ

बसवनगुडी, बेंगळुरू
बुधवार, दुपार

प्रिय मुग्धा,

हे पत्र मी तिसऱ्यांदा लिहायला घेतलंय. तू म्हणशील, हातात फोन असताना आईला हे काय सुचलं! पण फोनवर तू मध्येच "बोल ना आई, पटकन" म्हणतेस आणि माझं निम्मं पोटातच राहतं. शिवाय बाबा समोर असतात. फोन लागल्या लागल्या तू विचारतेस, "एकटी आहेस ना?" आणि ते पेपर उचलून मुकाट्याने गॅलरीत जातात. आत्ता ते बाजारात गेलेत. अवरेकाळूच्या, आपल्या पावट्याच्या शेंगा आल्यात, त्या आणतो म्हणाले. ते यायच्या आत मला हे संपवायचंय. सकाळपासून कुठेच लक्ष नाही. आमटीत दोनदा मीठ पडलं.

तुम्हा अकरा जणींच्या लेखांचं पुस्तक महिन्यापूर्वी आलं. मी डिक्शनरी घेऊन बसले. तुझ्या पहिल्या पानालाच तीन दिवस लागले. त्यात एक शब्द सारखा येत होता, पोर्ट्रे. मला वाटलं पोर्ट्रेट, स्टुडिओत काढतात तो फोटो. म्हटलं, हिने बाबांच्या कुठल्या फोटोवर एवढं लिहिलंय? डिक्शनरी उघडायचाही कंटाळा आला म्हणून बाबांनाच विचारलं. त्यांनी पुस्तक आलं त्याच संध्याकाळी तुझा लेख वाचला होता. खिडकीकडे तोंड करून म्हणाले, "फोटोबद्दलच असेल काहीतरी. पण इंग्रजी छान आहे हं तिचं." तीस वर्षं कारखान्यात इंग्रजी मॅन्युअल वाचलेला माणूस. मला तेव्हापासून खुटखुट लागली.

तुला माहीत आहे, मी मंगळवारी नि गुरुवारी गांधी बाजारापाशी इंग्रजीच्या क्लासला जाते. काल तिथे कावेरी मिसना तो शब्द विचारला. त्या म्हणाल्या, फोटो नाही, ते क्रियापद आहे. शब्दांनी किंवा अभिनयाने एखाद्याचं चित्र उभं करणं. मग फळ्यावर लिहून दाखवलं: आधी पोर्ट्रे, मग माणूस, मग ॲज, आणि ॲजच्या पुढे तो माणूस कसा दाखवला ते. सगळ्यांना एकेक वाक्य करायला लावलं. माझ्या शेजारच्या तानूबाईंनी सीरियलवाले सासूला नेहमी व्हिलन म्हणून पोर्ट्रे करतात असं वाक्य केलं. सगळ्या हसल्या. मी तुझ्या लेखातलेच शब्द जोडून लिहिलं, माय डॉटर पोर्ट्रेज हर फादर ॲज अ क्रुएल मॅन. मिसनी बरोबरची खूण केली आणि म्हणाल्या, एकही चूक नाही.

मुग्धा, ती खूण बघून मी वही मिटली. मी विचारलं, मिस, पोर्ट्रे केलेलं खरंच असावं लागतं का? त्या हसून म्हणाल्या, "हागेनू इल्ल अक्का." तसं काही नाही. चित्र काढणाऱ्याला कुणी जसं सांगितलं, तसं तो काढणार. क्लास सुटल्यावर मी घरी यायचं सोडून बुल टेंपल रोडवर नुसती चालत राहिले. ओळखीचा फुलवाला हाक मारत होता, त्याला ओही दिली नाही.

घरी येऊन तुझा लेख पुन्हा उघडला आणि आता सगळं कळलं. तू लिहिलंयस, बाबांनी माझ्या नोकरीची ऑर्डर फाडून टाकली आणि माझं आयुष्य स्वयंपाकघरात घातलं. हे तुला मी सांगितलं होतं. तू अकरा वर्षांची होतीस. शाळेतल्या मीटिंगमध्ये तुझ्या टीचर इंग्रजीत बोलत होत्या आणि मी काही न कळता मान हलवत होते. त्या तुझी तक्रार करत होत्या आणि मी हसून "येस येस" म्हणत होते. घरी येताना रिक्षात तू माझ्याकडे पाठ करून बसलीस. घरात शिरताच विचारलंस, "आई, तू काहीच का झाली नाहीस?" तुझा तो चेहरा मला सोसला नाही. तोंडातून निघून गेलं, "मला नोकरी लागली होती, बाबांनी ऑर्डर फाडली." बाबा तेव्हाच कामावरून आले होते, दारात चप्पल काढत होते. त्यांनी सगळं ऐकलं. तसेच आत गेले. तू झोपल्यावर मी रडायला लागले तर म्हणाले, "असू दे. पोरीला तू कमी वाटायला नकोस. माझं काय, मी चालवून घेईन."

खरं असं आहे. लग्नानंतर दोन वर्षांनी मला हुबळीच्या एका विमा कचेरीत क्लार्कची नोकरी लागली. अर्ज बाबांनीच भरला होता. तेव्हा आम्ही निपाणीला राहायचो. पहिल्या दिवशी रजा काढून तिथून पहाटेच्या बसने तेच मला घेऊन गेले आणि समोरच्या हॉटेलात थांबले. आत साहेबांनी इंग्रजीत काहीतरी विचारलं. मला एक शब्द कळला नाही. त्यांनी पुन्हा विचारलं, शेजारच्या टेबलावरची दोघं हसली, आणि मी पाणी पिऊन येते असं खुणेनं सांगून मागच्या जिन्याने पळाले. बाबा स्वतः आत जाऊन साहेबांशी बोलले, आठ दिवसांची मुदत मागून आणली. आठ दिवस मला वाक्यं पाठ करून घेतली. नवव्या दिवशी बस आली, गेली. मी उंबऱ्याबाहेर पाऊल टाकलं नाही. त्यांनी पुन्हा तो विषय काढला नाही, ना माहेरी, ना सासरी.

काल रात्री जेवताना मी त्यांना म्हटलं, मुग्धाला सगळं सांगते. घास हातातच राहिला त्यांचा. म्हणाले, "आता नको. पुस्तक छापून झालंय. तिला लोकांसमोर खाली बघायला लागेल." म्हणून हे पत्र त्यांना न सांगता खालच्या मजल्यावरच्या प्राणेशच्या हाती पाठवतेय, तो तुझ्या घराजवळ, सर्जापूर रोडलाच कामाला जातो. सोबत ती ऑर्डर आहे. पिवळी पडलीय, पण नीट बघ, कुठेही फाटलेली नाही.

रविवारी जयनगरच्या हॉलमध्ये तू हा लेख वाचणार आहेस. बाबांना आणायचं की नाही ते तू माझ्यावर सोपवलंस, पण त्यांनी कधीच ठरवलंय. शर्ट इस्त्रीला देऊन आलेत. "मुलगी पहिल्यांदा स्टेजवर वाचणार, मी पुढेच बसणार," असं प्राणेशलासुद्धा सांगून झालंय. तू वाचत असताना ते तिथे बसतील, लोक वळून त्यांच्याकडे बघतील आणि ते तुझ्यासाठी टाळ्या वाजवतील. मला हे बघवणार नाही, मुग्धा. लेखाचं काय करायचं ते तू ठरव, मी सांगणार नाही. माझ्यावर रागाव, महिनाभर बोलू नकोस, मी सोसेन. फक्त शनिवारी घरी ये. मी मुद्दाम देवळात जाऊन बसेन. तू बाबांशी बोल.

तुझीच, तुझ्यापुढे मोठी दिसायला खोटं बोललेली,
आई