आपल्या क्लबचा एकमेव विजय

मास्तर,

सकाळपासून तीनदा लिहायला बसलो आणि तीनदा उठलो. एकदा दार लावायला, एकदा पाणी प्यायला, एकदा उगाचच. तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली, तरी तुमच्यासमोर बसलं की माझे पाय अजून स्थिर राहत नाहीत.

आपला फुटबॉलचा क्लब म्हणजे दफ्तरातले कारकून, दोन शाळामास्तर, छापखान्यातला एक जण आणि डाकखान्यातले आपले गोलकीपर. समोर रिसाल्याचा, घोडदळातल्या गड्यांचा संघ. त्यांच्या पायात बूट, पोटात रोजचं दूध, आणि दर वर्षी कप त्यांचाच. कधी त्यांचा नसला तर पलटणीचा. आपण अनवाणी, घोट्याला चिंध्या बांधून, दर वर्षी नव्या उमेदीनं हरायला जायचो. पहाटे मुरारच्या रस्त्यावर तुम्ही आम्हाला पळवायचात आणि मागून ओरडायचात, "आपले पणजे दख्खनेतून घोड्यावर इथवर आले, आणि तुम्हाला मुरारपर्यंत धावता येत नाही?" हिंदी बोलणारे गडी धापा टाकत म्हणायचे, "मास्साब, घोड़ा दिलवा दो, हम भी आ जाएँगे." तुम्हीही हसायचात, पण थांबू द्यायचा नाहीत.

हरून आलो की सगळे तुमच्या स्वयंपाकघरात. काकू हळद-चुना गरम करून एकेकाच्या घोट्याला लावायच्या, आणि तुम्ही चुलीपाशी बसून चेंडूच्या चामड्याला तेल चोळायचात. "ते ढोराचं कातडं माझ्या चुलीपासून लांब ठेवा हो!" काकू दर वेळी ओरडायच्या. तुम्ही चेंडू वीतभर सरकवायचात. त्याच स्वयंपाकघरात तुम्ही मला बूट दिलेत, कुणा गोऱ्या सोल्जरचे जुने. मला मोठे होत होते, म्हणून काकूंनी आत कापूस भरला. म्हणालात, "संघात एकाच्या पायात तरी असावेत. तू पुढे खेळतोस, तूच घाल."

आणि तेच बूट घालून मी रिसाल्यात गेलो. वडील वारले होते, घरी तीन बहिणी, आणि रिसाल्याच्या कप्तानानं सांगितलं की आमच्याकडून खेळ, दफ्तरात पक्की नोकरी देतो. हे सगळं तुम्हाला सांगायला आलो, तेव्हा तुम्ही ऐकून घेतलंत आणि बूट परत करायला पुढे केले तर हात मागे घेतलात. "घेऊन जा. तिथे अनवाणी खेळवत नाहीत." एवढंच. तुम्ही शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं. शिव्या बाजारानं दिल्या. पाटणकर बाजारातून जाताना लोक मला ऐकू जाईल अशा बेतानं 'गद्दार' म्हणायचे. आईनं त्या वाटेनं जायचं सोडलं.

मग तो अंतिम सामना. तुमचा क्लब पहिल्यांदाच तिथवर आला होता, आणि मी समोरच्या बाजूला. छापखान्यातल्या आपल्या गड्यानं गोल केला आणि मैदानाभोवतीच्या लोकांनी टोप्या उडवल्या. मी तुमच्याकडे पाहिलं. तुम्ही टाळी वाजवत नव्हता, हाताची घडी घालून उभे होता, जणू हललात तर गोल परत घेतील. शेवटची काही मिनिटं उरली आणि रिसाल्याला पेनल्टी मिळाली. कप्तान मला म्हणाला, "तू मार." मी मारली, आणि चेंडू बारवरून थेट बाभळीत गेला. आपण जिंकलो. म्हणजे, तुम्ही जिंकलात.

दुसऱ्या दिवशी पाटणकर बाजारात मिठाईवाल्यानं मला मिठी मारली. "वाह भैया, मास्साब के नमक का हक अदा कर दिया!" पाच-पंचवीस माणसं जमली. मी तसाच तुमच्याकडे आलो. कप कोनाड्यात ठेवला होता, तुमची पाठ त्याच्याकडे. "खरं सांग," तुम्ही विचारलंत, "मुद्दाम बाहेर मारलीस?" मी मान खाली घातली. "इतकी वर्षं हरलो," तुम्ही म्हणालात, "पण ते हरणं आमचं होतं. जिंकणं मात्र तू भीक घातल्यासारखं दिलंस. जा आता." काकू दारात उभ्या होत्या. त्यांनी मला थांब म्हटलं नाही.

त्यानंतर तुम्ही मैदानावर आला नाहीत. रिसाल्यानंही मला संघाबाहेर काढलं. त्यामुळे तर सगळ्यांची खात्रीच पटली. दोन हिवाळ्यांनी तुम्ही छातीच्या दुखण्यानं गेलात. क्लब पुन्हा कधी जिंकला नाही.

मास्तर, मी ती मुद्दाम बाहेर मारली नव्हती. आपले गोलकीपर नेहमी त्यांच्या उजवीकडे झेपावतात हे मला ठाऊक होतं. मी त्यांच्या डाव्या हाताचा कोपरा धरला आणि जीव खाऊन मारली. मला तो गोल हवा होता. तुम्हाला सोडून गेलो ते बरोबरच केलं, हे मला तुमच्याच समोर दाखवायचं होतं. टेकलेला पाय निसटला, बस्स. तुम्ही आम्हाला सरळ, धडधडीत हरवलं होतंत. हे एक वाक्य त्या दिवशी मी बोललो असतो, तर तुम्ही वळून त्या कपाकडे पाहिलं असतंत. पण त्या सकाळी कितीतरी दिवसांनी मला कुणी गद्दार म्हटलं नव्हतं.

तुमची मुलगी इंदरगंजात राहते. हे पत्र तिला नेऊन देता येईल, वीस मिनिटांची वाट आहे. देणार नाही. मी गेलो की ती पाट पुसून देते, चहा आधी माझ्यापुढे ठेवते आणि नातवंडांना सांगते, "यांनी तुमच्या पणजोबांसाठी आपलं नाव घालवलं." दर वेळी वाटतं, आज सांगून टाकू. आणि दर वेळी मी चहा पितो.