माझी सवत बेसबॉल खेळायची

प्रिय अहो,

तुमच्या त्या पोरानं खेळ सोडला. काल नेट कॅफेत त्याचं पान उघडलं तर तसं लिहिलं होतं. तुम्हाला कळवायला माझ्याशिवाय दुसरं कोण आहे? म्हणून लिहितेय.

कारखान्यात मशीन बसवायला अमेरिकेचा साहेब आला काय, त्यानं तिकडच्या एका बेसबॉलवाल्याचं कौतुक केलं काय, आणि तुम्ही वेडे झालात! सणसवाडीला सेकंड शिफ्ट, म्हणजे दुपारपर्यंत घरीच. पण दहा वाजले की निघालात बाजारातल्या नेट कॅफेत. तिकडचा रात्रीचा खेळ आपल्याकडं सकाळी संपतो, हे मला तुमच्यामुळं कळलं. येताना चिठ्ठीवर लिहून आणायचात : चार वेळा बॅट धरली, दोन हिट. एकही हिट नसला की तुम्हाला जेवण जायचं नाही. माझं पिठलं ताटात तसंच.

मी त्याला सवत म्हणायचे. तुम्ही हसायचात. मी हसत नव्हते.

आईला बरं नव्हतं म्हणून आठ दिवस दौंडला गेले होते, आठवतं? चौथ्या दिवशी शेजारच्या दुकानात तुमचा फोन आला. मी पीठ लागल्या हातानं धावत गेले. तर तुम्ही म्हणालात, "आगं, पोरानं आज होमरन मारला, चेंडू पार मैदानाभाईर!" आई कशी आहे ते नंतर. मी कशी आहे ते तर विचारलंच नाहीत.

त्याचं मनगट दुखावलं तेव्हा शनिवारी मारुतीला तेल घातलंत. त्याच महिन्यात माझी कंबर धरली होती. बामची डबी मीच जाऊन आणली.

खरं सांगू? राग खेळाचा नव्हताच. आपल्याला मूल नाही, हे दुःख आपण दोघांनी मिळून सोसलं. दवाखाने मिळून केले, नवस मिळून बोललो. मग पोरगा तेवढा एकट्यानं का शोधलात? एकदा तरी मला तिथं शेजारच्या खुर्चीवर बसवायचंत.

आणि दहाव्याला तर कमालच केलीत. घोड नदीच्या घाटावर पिंड ठेवले. कावळे समोरच्या बाभळीवर, पण एकही उतरेना. भाऊजी हात जोडून म्हणाले, वहिनीला अंतर देणार नाही. कावळा हलला नाही. शेत पडीक ठेवणार नाही म्हणाले, तरी नाही. ऊन डोक्यावर आलं. तुमचे मामा माझ्याकडं वळले. "पोरी, त्याच्या मनात काय ऱ्हायलं आसंल, तुला ठावं हाय का?"

ठाऊक होतं. पण चारचौघांत सवतीचा विषय कोण काढेल? शेवटी मीच पुढं झाले आणि म्हणाले, "तुमच्या पोराची एकबी मॅच चुकवनार न्हाई. समद्या बघीन आन् तुमाला सांगीन."

कावळा लगेच शिवला. सगळ्यांना हायसं वाटलं. मी मात्र तिथंच जळत उभी राहिले. मला सांभाळायचा शब्द दिला तेव्हा फांदीवर बसून राहिलात आणि त्याच्यासाठी उतरलात!

शब्द दिला तो पाळला. दोन वर्षं तुमच्याच खुर्चीवर बसून त्याचं पान पाहिलं. कॅफेवाल्यानं रकाने समजावून सांगितले. चिठ्ठीवर उतरवून आणायचे आणि तुमच्या फोटोसमोर वाचायचे. सुरुवातीला तोंड वाकडं करूनच. मग एकदा पाच मॅच त्याचा एकही हिट लागला नाही, तर जाऊबाईंनी विचारलं, "जेवत का न्हाई?"

शेवटच्या मॅचला चार वेळा बॅट धरली त्यानं. तीन हिट, त्यात एक होमरन. ते वाचताना मी कॅफेत सगळ्यांसमोर रडले. हे मी पाहिलं, तुम्ही नाही. इतकी वर्षं मी जळले, आता थोडे तुम्ही जळा.

घाटावरचा शब्द पुरा झाला. आता नवा देते. उद्यापासून रोज फोटोसमोर बसून माझंच सांगेन : काय शिजवलं, कुठं गेले, कुणाशी भांडले, सगळं. मधेच उठून जाता यायचं नाही तुम्हाला.

तुमची,
शालन