घाव कुणाचा

१४ सप्टेंबर १८५८, मंगळवार

उद्या गुरांची जत्रा. आज दारातून आत येईल त्याची एकेक करून विचारपूस केली. पॅट्सीचा खोकला? — "आहे मावशी, माझ्याआधी काही जात नाही तो!" ब्रिजेट लॉनर्गनचे गुडघे? — दुखतात, पण पाऊस आधी सांगतात म्हणे. तिचा लेक थेडी? — "बैल आहे नुसता!" नेड हॅकेटच्या तीन पोरी? — आई गेल्यापासून थोरलीच रांधते, अंगानं भरल्यात. आणि माझा लेक डार्बी? "बरा आहे." संपलं! चाळिशीचा घोडा, अजून बिनलग्नाचा, तोंडाला कायमचं कुलूप.

सगळे धडधाकट. उद्या कोण किती धड राहतो, देव जाणे. लॉनर्गन आणि हॅकेट, पणजोबांपासूनचं हाडवैर. कशावरून? त्यांनाही सांगता यायचं नाही. पण पितात माझ्याच पबात. इथला नियम माझ्या सासऱ्याच्या सासऱ्यापासूनचा — काठी दाराशी टेकवायची, मग आत यायचं. आम्ही डीगन कुणाच्याच बाजूचे नाही. दोघांनाही वाढतो.

१५ सप्टेंबर

 पिंपांवरची अक्षरं गिरवून लिहायला शिकलेली बाई मी, नटवून लिहिता येत नाही. घडलं तसं लिहिते.

दुपारी पबात पाय ठेवायला जागा नव्हती. डुकराचं मांस, कोबी, बटाटे — पातेल्यामागून पातेली उतरवत होते. थेडीच्या पोटात काळ्या बिअरचे चार पेले गेलेले. डार्बी वाढत होता. थेडी ओरडला, "ए डार्ब्या! तू कुणाचा रे? ना हॅकेट, ना लॉनर्गन! कधी काठी धरलीयस का? पिंपाचा नवरा लेकाचा!" सगळे खदखदून हसले. उरलेली बिअर त्यानं डार्बीच्या डोक्यावर ओतली. डार्बीनं तोंड पुसलं. मीही हसले. देवा, मीही हसले.

मग थेडीनं रस्त्यावर कोट टाकला. "कोण पाय देतो बघू!" नेडनं पाय दिला.

खळ्यात मळणी चालावी तसा आवाज. काठीवर काठी, काठीखाली हाड. पॅट्सीचे दात रस्त्यावर सांडले. बायका पायमोज्यांत धोंडे भरून धावल्या. एका लॉनर्गनचा कान लोंबत होता, आणि तो हसत होता! नेडची काठी थेडीच्या टाळक्यात बसली — ते मी दारातून पाहिलं. थेडी गुडघ्यावर आला, उठला, भिंत धरत धरत माझ्या परसाकडे गेला. पाणी प्यायला गेला असेल, मी म्हटलं.

तिथंच सापडला. मेलेला.

पोलिसांनी दाराच्या फळीवर घालून माझ्याकडेच आणला. कायदाच तसा — बेवारस असो की खून झालेला, पंचनाम्यापर्यंत मढं जवळच्या पबात. आमची तळघरं थंड ना! नाही म्हणायची सोय नाही. दोन पिंपांच्या मधे ठेवला. वर लोक पीत होते.

१६ सप्टेंबर

ब्रिजेटला गुडघ्यांमुळे पायऱ्या उतरवेनात. "नोरा, तूच धू माझ्या लेकराला," म्हणाली. धुतलं. केस बाजूला केले.

नेडचा घाव वर होता. लांब चीर, काठीचीच. तिनं माणूस मरत नाही, अशा चिरा मी जन्मभर बांधल्यात. पण मागे, मानेच्या वर, हाड आत गेलेलं. गोल. कड्याचा ठसा उठलाय.

पिंपाला तोटी ठोकायच्या मोगरीला लोखंडी कडं आहे. मोगरी खुंटीवर नाही.

शोधली. चुलीच्या जळणाच्या ढिगाखाली होती. कड्यात केस.

१७ सप्टेंबर

माझ्याच दिवाणखान्यात पंचनामा. पंच म्हणजे रोजचेच पिणारे. मढ्याची चौकशी करायला आलेल्या कोरोनरसाहेबांनी आधी मटणाचा रस्सा संपवला, दुसऱ्यांदा मागितला, मग विचारलं — "घाव कुणाचा?"

नेड उठला. डोकं बांधलेलं, छाती पुढे. "माझा! समोरासमोर, उजव्या हातानं. आहे का कुणाचं काही म्हणणं?"

हॅकेट ताठ झाले. लॉनर्गनांनीही मान हलवली — मारणारा मर्द निघाला, एवढं तरी समाधान! पोलिसांनी बेड्या घातल्या तेव्हा नेड लग्नाला निघाल्यासारखा चालला होता. मूर्खा! फाशी जाशील रे! तीन पोरी आहेत तुला!

साहेबांनी मला विचारलं, "बाई, धुताना काय दिसलं?"

"काठीची चीर," मी म्हटलं. खोटं नव्हतं.

आपलेच दात, आपलेच ओठ.

१८ सप्टेंबर

पिंपाशी डार्बीला गाठलं. मोगरी पुढे धरली.

"मागून मारलंस?"

"हो."

"खाली बसलेल्या माणसाला?"

"पाणी मागत होता. मला म्हणाला, पिंपाच्या नवऱ्या, पाणी आण." मग म्हणाला, "आई, नेड स्वतःच मिरवतोय ना? मिरवू दे. तू कशाला उकरतेस?"

आणि पेला भरायला गेला. एक थेंबही सांडला नाही. 

१९ सप्टेंबर, रविवार

प्रार्थना संपताच लॉनर्गन थेडीचा सूड घ्यायला नेडच्या घरावर गेले. छप्पर ओढून पाडलं. दारातच डुकराचा गळा चिरला. नेडच्या भावाचे दोन्ही हात उंबऱ्यावर ठेवून मोडले — आधी एक, मग दुसरा. मधल्या पोरीला धोंडा लागला. डोळा गेला. आठ वर्षांची आहे. तिघींना गाडीत घालून माझ्याकडे आणलं. मधली रडत नाही. "बाबा कधी येणार?" एवढंच विचारते.

डार्बीनं तिला दूध दिलं. माझ्याकडे बघितलं नाही.

हॅकेट पलीकडच्या गावांतून माणसं जमवताहेत. गुरुवारी म्हणे. खोट्या घावासाठी अजून किती मढी माझ्या तळघरात?

२० सप्टेंबर

गाडी जुंपली. क्लॉनमेलला जाते, नेडला ठेवलंय त्या तुरुंगाच्या गावी. डार्बीला सांगितलं, मीठ संपलंय.

२ ऑक्टोबर

डार्बीला पकडून नेलं, गुरुवारची मारामारी टळली, आज नेड सुटून आला. पोरींना पोटाशी धरलं, मग पबात आला. मी भरून दिलेला पेला त्यानं जमिनीवर ओतला. "माझा घाव होता तो, मावशी. तू मला चारचौघांत खोटा पाडलंस." आणि गेला.

डार्बीला तुरुंगात चिठ्ठी धाडली. इथे उतरून ठेवते —

'बाळा, मोगरी मीच नेऊन दिली. दुसऱ्या कुणाकडून कळण्याआधी माझ्याकडूनच कळू दे. पांघरूण पुरतं का? पोटात काही जातं का? मार्चात खटला आहे, मी समोर बसेन. शिव्या लिही, काहीही लिही, पण लवकर लिही.'