गोकुळाची वाचा आणि वैनगंगेचे खडे

६ जानेवारी १९५८

नवं वर्ष लागलं आणि संकल्प आज सुचला. उशीर माझा नाही, सर्दी होती.

संकल्प: या गावाची वाचा सुधारणे. पुण्याला कॉलेजात वक्तृत्वाची ढाल जिंकलेला माणूस मी. संस्थेने शाळा काढली मार्कंड्याच्या देवळाच्या अलीकडे, वैनगंगेच्या काठी, आणि मास्तर म्हणून धाडलं मला. इथे पोरं 'मले', 'तुले' म्हणतात. त्यांचे बापही म्हणतात. अख्ख्या गावाला वाचादोष. शिवाय वास. माझ्या खोलीच्या भिंतीला लागून मासे वाळत घालतात. शी! उशीला वास, टॉवेलला वास, या वहीलासुद्धा वास.

९ जानेवारी

चंदाबाई आली होती. नवरा केवळराम तळ्यावर आणि नदीवर मासे धरतो. त्यांची गोकुळा माझ्याच वर्गात, दुसरीत. बोलायला गेली की पहिलंच अक्षर अडकतं, मान ताठ होते, डोळे मिटतात. म्हणून आताशा शाळेत तोंडच उघडत नाही. केवळराम म्हणतो, शिवरात्रीपर्यंत पाहतो, मग शाळेतून काढतो. मुकी बसायची तर घरी बसेल. पोरीला मात्र शाळा हवी. आई हे सांगत होती तेव्हा गोकुळाने दाराची चौकट दोन्ही हातांनी धरून ठेवली होती.

मी म्हटलं, महिन्यात भाषण ठोकेल. चंदाबाईने खूश होऊन पदरातून झिंगे काढले आणि माझ्या टेबलावर ठेवले. हजेरीपटावर. शी!

असो. केस मिळाली. हिच्यावर पेपर लिहायचा. पेपर छापून आला की पुणे.

१३ जानेवारी

वेखंड मधात उगाळून तिच्या जिभेला चोळलं. माझ्या बोटाला चावली. उरलेला मध वर्गाने बाटलीत बोटं घालून संपवला. उपचारात दोष नाही, पेशंटमध्ये आहे.

१८ जानेवारी

नवी मेथड. गोकुळा अडली की वाक्य मी पुरं करतो. तिचे कष्ट वाचतात, माझा वेळ वाचतो.

आज आपणहून उठली. माझ्याकडे बोट करून 'इ... इ...' म्हणू लागली. मी विचारलं, इकडे? इतिहास? इमारत? मान हलवत राहिली. मी म्हटलं, ईश्वर? तेवढ्यात विंचू चावला. कोटाच्या बाहीवर होता. इथे त्याला इच्चू म्हणतात.

हात सुजलाय, डाव्या हाताने लिहितोय. पोरीला वेळेवर बोलायला काय झालं होतं?

२५ जानेवारी

ग्रीस देशात एक वक्ता तोंडात खडे धरून बोलायचा, त्याचं अडखळणं गेलं. नदीवरून गुळगुळीत खडे आणले, धुतले, गोकुळाच्या तोंडात दिले आणि कविता म्हणायला लावली. लाळ पाटीवर गळली. मग माझ्या धोतरावर. अक्षरशः शिसारी आली. शेवटी खडे थुकले आणि रडायला लागली. ते ओले खडे रुमालात बांधून मीच घरी आणले. शास्त्रासाठी काय काय करावं लागतं!

२ फेब्रुवारी, रविवार

केवळरामला प्रगती कळवायला तळ्यावर गेलो. माणसं कंबरभर पाण्यात जाळं ओढत होती. कोणी चकार शब्द बोलेना. मी काठावरून हाक मारली, तर सगळ्यांनी हात वर करून मला गप्प केलं. मला! मी आणखी मोठ्याने हाक मारली. मासे एका अंगाने निसटले म्हणे. केवळराम चिखलाने भरलेला वर आला आणि म्हणाला, "मास्तर, जाळं काठाले लागल्याबिगर इथी कोणी बोलत नाई."

माशाला मराठी कळतं काय? अडाणीपणाची हद्द. एक चप्पल चिखलात गेली ती गेलीच.

गोकुळा काठावर धाकट्या भावाशी बोलत होती. चांगली घडाघडा. मला पाहिलं आणि गप्प. म्हणजे मुद्दाम करते. पेपरात यावर स्वतंत्र प्रकरण.

१० फेब्रुवारी

आज पट्टी हातात घेतली. मारली नाही, बोलण्याला ताल म्हणून टेबलावर आपटत राहिलो. गोकुळा रडली नाही. नुसती पट्टीकडे बघत राहिली. मला दिवसभर बरं वाटलं नाही. पित्त असावं.

१७ फेब्रुवारी, मार्कंडा

शिवरात्रीची जत्रा. धूळ, घाम, शेवेवर माशा. देवळापाशी दवाखान्याची राहुटी, तिथे नागपूरच्या इंदुताई म्हणून बाई आल्यात. मुलांच्या बोलण्यावरचे उपचार मुंबईच्या इस्पितळात शिकलेल्या. एक्सपर्टची शाबासकी केवळरामच्या देखत मिळावी म्हणून त्याला, चंदाबाईला आणि पोरीला घेऊन गेलो. बाईंनी त्या तिघांना आत घेतलं आणि मला बाहेर बसवलं!

कनातीच्या फटीतून पाहिलं. उपचार काही नाहीच. बाई चटईवर बसून गोकुळाकडून जाळ्याची गाठ मारायला शिकत होत्या. स्वतः सावकाश बोलत होत्या. पोरगी अडली की नुसत्या तिच्याकडे बघत थांबायच्या. घाई नाही, शब्द पुरवणं नाही. असले उपचार म्हैससुद्धा करील. मग विचारलं, शाळेत का गं नाही बोलत? गोकुळा अडली. बाई थांबल्या. मी घड्याळ पाहिलं. आणि गोकुळा बोलली.

"म... मी बोलतो. मास्तर थांबत नाई."

पूर्ण वाक्य! पण मुलीच्या जातीने 'बोलतो'? मी कनातीतून डोकं आत घातलं आणि दुरुस्त केलं.

गप्प झाली. पुन्हा शब्द नाही.

इंदुताई माझ्यावर रागावल्या नाहीत, तेच लागलं. केवळरामला म्हणाल्या, पोरीची जीभ ठीक आहे. ती कसं बोलते ते पाहू नका, काय म्हणते ते ऐका, आणि तिचं होईपर्यंत थांबा. अडखळणं एकदम जाणार नाही, कदाचित थोडं राहीलही. पण ती बोलेल. केवळरामने जरा विचार केला. म्हणाला, "म्हंजे पोरगी बोलून राह्यली तवा जाळं पाण्यात हाय."

बाई म्हणाल्या, अगदी तसंच. मग सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं.

१९ फेब्रुवारी

केवळरामचा निरोप: सोमवारी शाळेत येऊन बसतो. मास्तर गप्प राहिले तर पोरगी राहील, नाहीतर त्याच दिवशी घरी. म्हणजे परीक्षा माझी! मौनाची मेथड तशी मी स्वतंत्रपणे शोधलीच होती, बाईंनी फक्त आधी बोलून दाखवली.

सकाळी गोकुळा 'प...' म्हणाली, मी 'पाटी' म्हणालो. दुपारी पुन्हा 'प...', मी 'पाणी'. तिने मान खाली घातली ती वर केलीच नाही. जीभ आपोआप पुढे जाते हो! चौकट धरून उभी असलेली पोर आठवते आणि स्वतःचीच शिसारी येते. शी! ही वासासाठी नाही.

२४ फेब्रुवारी, सोमवार

केवळराम दारात येऊन बसला. मी तयारीनिशी गेलो होतो. रुमालातले ते खडे उकळून घेतले आणि शाळा भरताच तोंडात भरले. गोकुळाच्या तोंडात होते तेच. उकळूनही माशाची चव.

गोकुळा उठली. मान ताठ, डोळे मिटलेले. 'इ...' वर अडली. माझ्या तोंडात शब्दांची नुसती रेटारेटी. दातांनी खडे करकरले, हनुवटीवरून लाळ ओघळली, कोटावर पडली. पुसली नाही. वर्ग माझ्याकडे बघत होता, मी गोकुळाकडे.

"इ... इच्चू होता. मास्तरच्या बाहीवर. मी सांगतच होतो."

'होतो' ऐकलं. खडे घट्ट धरले.

केवळराम उठला, खांद्यावरचा टॉवेल झटकला आणि पोरीला तिथेच ठेवून निघून गेला. गोकुळाने तो पार दिसेनासा होईपर्यंत पाहिलं. मग माझ्याजवळ आली, माझ्या तोंडाकडे निरखून पाहिलं, आणि न अडता म्हणाली, "माह्यं झालं. थुका आता."

थुकले. एक कमी भरला.