तुमच्या लेकाची गाठ

आई, तुमच्या लेकाच्या पोटातल्या गाठी काढल्या. टाके वाळलेत. तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली, तरी हे आधी तुम्हालाच सांगावंसं वाटलं.

सुरुवात भाताच्या आवणीत, रोपं लावताना झाली. टोकावड्याच्या आपल्या खाचरात सगळे गडी उघडे, हे एकटेच सदरा घालून. "ऊन सोसत नाय," म्हणाले. आभाळ तर भरून आलेलं. मी न्हाणीत पाणी द्यायला गेले तर यांनी पाठ फिरवली. तेव्हा मला तुम्ही दिसलात, चुलीपुढे बसलेल्या. थोरलीच्या वेळी बाळंतपणानंतर माझ्या अंगावरून फार जायचं आणि मी लाजेनं गप्प. तुम्ही फुंकणी आपटून ओरडलात, "लाजेपायी जीव जाईल गो! बोल ना!" तसंच मी त्यांच्यावर ओरडले. मग हे बोलले. छाती बाईसारखी सुजलेली, दुखरी. आणि खाली, अंडकोशात, एका बाजूला खड्यासारखं काही लागत होतं.

शहापूरच्या डॉक्टरांनी मुंबईला धाडलं. तिथे ती बाजू काढली. छाती ओसरली, वाटलं सुटलो. पुढच्या वर्षी ती पुन्हा हुळहुळायला लागली. स्कॅनमध्ये पोटात कण्यालगत गाठी दिसल्या. डॉक्टरीणबाई स्पष्टच बोलल्या, "ही गाठ स्वतः हार्मोन तयार करते, म्हणून छाती सुजते. असा कॅन्सर क्वचितच दिसतो. पसरला की नेहमीच्या केमोला फारशी दाद देत नाही. काढता येतंय तोवर काढू."

हे खाली बघत म्हणाले, "मी गडी ऱ्हाईन ना, बाई?"

"दुसरी बाजू शाबूत आहे. आधी जगायचं बघू."

ऑपरेशनच्या दारासमोर मी बसलेय. दार उघडतं, दुसऱ्याच कुणाच्या माणसांना बोलावतात, पुन्हा बंद होतं. माझ्या पदराचं टोक चुरगळून ओलं झालंय. ऊन भिंतीवरून उतरतं तेव्हा कुठे बाई बाहेर येतात. "हाताला लागल्या तेवढ्या काढल्या. फुप्फुसात एक ठिपका आहे, त्याला गोळ्या देऊन बघू."

काल रक्ताचा आणि स्कॅनचा रिपोर्ट आला. हार्मोन उतरलंय. ठिपका आहे तसाच. वाढला नाही हेही कमी नाही, असं बाई म्हणाल्या. एसटीत हे माझ्या खांद्यावर डोकं टेकून झोपले.

हे पत्र कुठे धाडणार? तरी एक सांगते. त्या दारासमोर मला तुमची आठवण आली नव्हती, आई. तुमचा हेवा वाटला होता. हे बघायच्या आधीच तुम्ही सुटलात म्हणून.