देवघरातली घोंगडी

चैत्र वद्य पंचमी, शुक्रवार

नातू आज बारा दिवसांचा झाला. नाक माझं, भूक आजोबाची. दुपारभर मांडीवर घेऊन बसली, पाय मुंग्यांनी भरले तरी सोडवेना. चिखलीहून साखर आणवली, गावभर वाटली. असो, भलतंच लिहून राह्यली.

सुईण शेकायला आली होती. तिनं विचारलं, "थोरल्या सुनेले सात वर्सं काऊन नाही राह्यलं?" मी म्हटलं, मी काय कमी केलं! मूल व्हावं म्हणून तिले व्रत लावलं, पाळीची आंघोळ झाली की पंधरा दिवस उपास, अन् नवऱ्यापासून दूर देवघरात घोंगडीवर निजायचं. मग लेकाले दुसरी केली, ती धाकली आली तशी म्हणे, "मी नाही निजत तिथं." दुसऱ्याच महिन्यात तिले दिवस गेले.

सुईण हसली. "अवो बाई, मूल राह्याचे दिवस तेच असतात! ते तर तुम्ही तिले घोंगडीवर घालवायला लावले."

सात वर्सं मी तिले वांझ म्हटलं. तिच्या डोळ्यासमोर सवत आणली. मग हे माह्याच हातून झालं? लेकाले सांगू? मग घरात माहं तोंड काय राहील?

संध्याकाळी गंगू, म्हणजे थोरली, बाळाची दुपटी वाळत घालून आली. हळूच म्हणे, "आत्याबाई, ते म्हणतात, आता माह्याकडेही येतो. व्रत सोडू का?"

बाळ झोपेत हसत होतं. घरात एक नातू आला न आता.

"सोडू नको," मी म्हटलं. "घोंगडी तेवढी झटकून घे."