शेड झाकायला मी

रविवार, संध्याकाळ. हुबळी.

ह्यांचे मित्र बसूअण्णा आज ह्यांनी काढलेले, ह्यांच्या मागे राहिलेले विमानांचे फोटो न्यायला आले. त्यांच्या विमानवेड्या मंडळाला भिंतीवर लावायचे आहेत. प्रत्येक फोटोत विमानाच्या कडेला मी. हवाई तळ लोकांना बघायला खुला असे, त्या दिवशी नियम एकच: विमानाचा फोटो काढा, मागच्या शेड-इमारती त्यात येता कामा नयेत. हे नियमाचे पक्के. "तू इथं थांब, लांबची ती शेड झाकली जाईल." इतकी वर्षं मी पडदाच.

बसूअण्णा म्हणाले, "अक्का, विमान तेवढं ठेवतो, तुम्हाला कापतो. चालेल न्हवं?"

"कापा की. मी कुठं उडणार होते?"

आणि मग एक फोटो हातातच राहिला. मागे नुसतं गवत आणि आभाळ. शेड नाही, भिंत नाही, झाकण्यासारखं काहीच नाही. तरी मी आहेच, कपाळाला आठ्या घालून.

बाकीचे दिले. हा नाही दिला. त्या दिवशीही शेडचंच सांगितलं होतं का? मी मागे वळून कधी बघितलंच नाही.

अहो, सांगितलं असतंत, तर जरा हसले तरी असते.